हो म्हणायची सवय

आई,

गेल्या मंगळवारी दुपारी साडेतीनला मी एका बाईला ‘हो’ म्हणाले, आणि त्या ‘हो’ला मी आज सहा दिवस भिऊन आहे. बाई जर्मनीतली. तिकडच्या एका हॉस्पिटलात ती वॉर्डची मुख्य सिस्टर आहे. ती तिच्या टेबलाशी, मी राजारामपुरीतल्या माझ्या क्लासच्या खोलीत, आणि मध्ये संगणकाचा पडदा. माझ्या शेजारी माझी एक विद्यार्थिनी बसली होती. तिची तिथं नर्स म्हणून निवड झाली आहे आणि ही शेवटची भेट होती, नुसती ओळखीपाळखीची. सगळं आटोपत आलं असताना त्या सिस्टरबाईंनी काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला कळलं नाही. आणि मी हसून, मान हलवून, त्या मुलीच्या वतीनं सांगून टाकलं, हो, हो, अर्थातच. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात चालला आहे. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण या बाबतीत तुझ्याइतकं जाणकार माणूस मला दुसरं माहीत नाही.

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते, म्हणजे माझं पुढचं काहीच तुला ठाऊक नाही. मी जर्मन शिकवते. थट्टा नाही, खरंच. पदवी झाल्यावर नोकरी मिळेना म्हणून संध्याकाळच्या एका वर्गाला जाऊन बसले. तिथं एक टेपरेकॉर्डर होता आणि चार कॅसेटी. त्या कॅसेटींमधला पुरुष आणि बाई इतकं सावकाश, इतकं स्वच्छ बोलायचे की जगात त्यांना दुसरं काही कामच नसावं. त्या दोघांचं बोलणं मी अक्षरशः पाठ केलं, परीक्षा दिल्या, दर वेळी चांगले मार्क पडले, आणि गेली तीस वर्षं मी दुसऱ्यांना शिकवते. आधी उद्यमनगरातले इंजिनिअर यायचे, आता नर्सिंग झालेल्या मुली येतात. कागलकडच्या, हातकणंगल्याच्या, जयसिंगपूरच्या. सकाळच्या एस.टी.नं डबा घेऊन येतात, आठ-दहा महिने ती भाषा घोटतात आणि तिकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करायला निघून जातात. जर्मनमध्ये ‘हो’ला ‘या’ म्हणतात. पहिल्या दिवशी मुली त्यावर हसतात, दारात पावणं आल्यासारखं वाटतं म्हणतात. मी जर्मनीत कधी पाऊल टाकलेलं नाही. हे मी लपवत नाही, पण कुणी विचारल्याशिवाय सांगतही नाही. आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक तुकडीकडून मी एक वाक्य घोकून घेते: मला कळलं नाही, कृपया पुन्हा सांगा. उभं राहून, मोठ्यानं, न लाजता. ते मी स्वतः कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मंगळवार पेठेतल्या आपल्या त्या स्वयंपाकघरात तू मराठी शिकलीस, आणि तुझं ते शिकणं मी पाटावर बसून पाहिलंय. तू सीमेपलीकडच्या गावातून लग्न करून आलीस. घरात कानडी, शाळा कानडी, आणि मराठी म्हणजे आठवडी बाजारात कानावर पडलेली तेवढीच. इथं सासरी सगळे जोरात बोलणारे. कोल्हापुरात साधं ‘जेवलीस का’ विचारलं तरी नव्या माणसाला वाटतं की भांडण काढलं. आजीनं पहिल्याच महिन्यात बजावलं होतं म्हणे, ‘आमच्यात कानडी चालायची न्हाई, पोरांच्या जिभा बिघडत्यात.’ म्हणून तू माझ्याशी कधी कानडी बोलली नाहीस. फक्त तांदूळ मापताना तुझ्या तोंडून ओंदु, एरडु, मूरु यायचं, तेही पुटपुटत, आणि आजी दारात आली की तू मधेच मराठीत उडी मारायचीस, चार, पाच. स्टोव्हला पंप मारता मारता तू बाहेरच्या खोलीतलं बोलणं ऐकायचीस आणि एखादं वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघायचीस. आज मी माझ्या मुलींना सांगते, ऐका आणि लगेच म्हणून बघा. ही पद्धत पुस्तकातली आहे असं त्यांना वाटतं.

पण तुझं खरं साधन होतं ते ‘हो’. कुणी काही सांगितलं आणि ते तुला अर्धंच कळलं, की आधी तुझा चेहरा शांत व्हायचा, मग ओठ हसायचे, मग मान हलायची आणि मग ‘हो’ यायचं. नेहमी याच क्रमानं. त्यानंतर तू अंदाज बांधायचीस. एकदा काका म्हणाले, उद्या माझं जेवण धरू नका, कागलला निघालोय. तू हो म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी चार भाकऱ्या जास्त थापल्यास, कारण कागलहून कुणीतरी येणार असं तू धरून चालली होतीस. घर हसलं, तूही हसलीस, भाकऱ्या रात्री संपल्या. बहुतेक वेळा तुझा अंदाज बरोबर यायचा, आणि चुकला तरी भाकरीपलीकडं फारसं नुकसान व्हायचं नाही. म्हणून ती सवय मोडायचं कुणाच्याच मनात आलं नसावं.

मी आठ वर्षांची असताना आत्या आली होती. तू तिच्याशी बोलताना काहीतरी उलटंसुलटं बोललीस आणि मी शाळेत मिळालेल्या शहाणपणानं तिच्यासमोर तुला दुरुस्त केलं. आत्या पदर तोंडाला लावून हसली, वर म्हणाली, ‘बग वैनी, पोरगी तुजी मास्तरीण झाली.’ तू चहा गाळत होतीस. तू मला मारलं नाहीस, डोळेही वटारले नाहीस. आत्या गेल्यावर मात्र मला मोरीजवळ नेऊन उभं केलंस. तुझा आवाज इतका हळू होता की मला जास्त भीती वाटली.

‘घरात सांग. शंभरदा सांग, मी शिकीन. चारचौघांत न्हाई सांगायचं.’

‘पण तू चुकलीस.’

‘चुकू दे की. भायेर मी हो म्हणीन, तू सुम्म बस. कळलं?’

मी हो म्हणाले. सुम्म म्हणजे गप्प. तो तुझ्या माहेरचा शब्द, पण आपल्याकडं सगळेच वापरायचे, आजीसुद्धा वापरायची, आणि आपण कानडी बोलतोय हे तिच्या गावीही नव्हतं. त्या दिवसापासून मी चारचौघांत सुम्म बसायला शिकले आणि त्यात तरबेज झाले.

आता त्या मुलीबद्दल सांगते. कागलच्या पुढं त्यांचं गाव आहे, थोडी शेती आणि चार म्हशी. तेवीस वर्षांची आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसते, मी काहीही बोलले की मान हलवते आणि कधीही, एकदाही प्रश्न विचारत नाही. मी विचारलं, घरी सराव कुणाशी करतेस? तर म्हणाली, ‘म्हशीसंगं, म्याडम. धार काढताना. ती चुका काढत न्हाई.’ सगळा वर्ग हसला, मीही हसले. परीक्षेत ती चांगल्या मार्कांनी पास झाली, तरी माझ्या मनानं घेतलं की हिचं सगळं पाठांतर आहे, आत काही नाही. तिची ती हलणारी मान बघितली की मला तुझी आठवण यायची आणि भीती वाटायची. तिकडं वॉर्डात कुणी काही सांगेल, ही मान हलवेल, आणि तिथं भाकऱ्यांवर भागणार नाही. म्हणून शेवटच्या भेटीला मी शेजारी बसेन असं मीच ठरवलं. हिला काही कळलं नाही तर मी सांभाळून घेईन, असं माझं गणित.

पहिली वीस मिनिटं छान गेली. हॉस्पिटलच्या ऑफिसातली बाई कॅसेटीतल्या बाईसारखीच बोलत होती, मुलीनं सगळी उत्तरं नीट दिली. मग ती खुर्चीतून उठली आणि सिस्टरबाई येऊन बसल्या. वयस्कर, केस कापलेले, चष्मा कपाळावर. त्या त्यांच्या गावची भाषा बोलत होत्या, अर्धे शब्द गिळत, भराभर. आपल्याकडच्या बायका गल्लीत बोलतात तशी. माझ्या कॅसेटीतल्या माणसानं असं काही जन्मात ऐकलं नसेल. त्यांचं बोलणं लांबलं आणि शेवटी प्रश्नावर येऊन थांबलं. त्यातले दोन शब्द माझ्या हाती लागले होते, ‘औषधं’ आणि ‘एकटी’. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. सिस्टरबाईंनीही माझ्याकडं पाहिलं. आणि माझा चेहरा शांत झाला, आई, तो शांत होताना मला जाणवला. मग ओठ हसले, मग मान हलली. त्या वाक्याची, जे मी तीस वर्षं दुसऱ्यांकडून वदवून घेतलं, मला आठवणसुद्धा झाली नाही. सगळं अर्ध्या मिनिटात संपलं आणि आम्ही एकमेकींना नमस्कार करून पडदा बंद केला.

मग भीती सुरू झाली. औषधं आणि एकटी. ही एकटी राहते का? हिला कसली औषधं चालू आहेत का? की ही एकटीनं औषधं देऊ शकेल का? तिकडं प्रत्येक पेशंटच्या नावाची प्लास्टिकची डबी असते, तिला चार कप्पे, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. त्यात गोळ्या भरून ठेवायच्या आणि ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या. मी हे चित्रावरून शिकवते. बुधवारी शिकवत असताना माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारा आला, पायजमा घातलेला, खाटेवर बसलेला. त्यानं माझ्या या विद्यार्थिनीसमोर विश्वासानं हात पसरला आहे आणि ती त्याच्या तळहातावर शेजारच्याच्या गोळ्या ठेवते आहे. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, मुलींना वाटलं पुढचं लिहिणार आहे. साधी गोष्ट होती, मेल पाठवून विचारायचं. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. विचारलं तर हे उघड होणार की शिकवणारीलाच भाषा येत नाही. त्याच हॉस्पिटलात माझ्या आणखी सहा मुलींच्या मुलाखती ठरल्या आहेत. हिचा व्हिसा आलेला, विमान दीड आठवड्यावर, तिच्या वडिलांनी पासपोर्ट देव्हाऱ्यात ठेवलाय. एवढं सगळं एका बाईच्या ‘हो’वर उभं, आणि त्या बाईला प्रश्न माहीत नाही. मोबाइल वाजला की आधी नंबर बघायचे, मगच उचलायचे.

काल शनिवारी दुपारी ती आपणहून आली, स्टीलचा डबा घेऊन. म्हैस व्यायली म्हणून खरवस आणला होता. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. ती बसली, मी पंखा लावला, आणि मग मला राहवेना. मी मनात जमवाजमव करून ठेवली होती की असं वळण घेऊन विचारू, तसं विचारू. प्रत्यक्षात सरळच विचारलं गेलं.

‘मंगळवारी त्या सिस्टर शेवटी काय विचारत होत्या, तुला कळलं होतं का?’

‘व्हय की.’

‘काय विचारलं?’

‘आख्ख्या मजल्याची औषधं एकटीनं वाटलीस का कधी, आसं. त्यांची एक सिस्टर रजेवर जानार हाय म्हनं. तवा मी गेल्या गेल्या मलाच एकटीला वाटाय लागतील. जमंल न्हवं, म्हनल्या.’

‘आणि तू वाटली आहेस?’

‘न्हाई. आमच्या दवाखान्यात मोठ्या सिस्टर काढून द्यायच्या, मी निस्ती न्हेऊन द्यायची.’

‘मग तू बोलली का नाहीस?’

‘तुमी व्हय म्हनला की.’

मी खरवसाचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, ‘मला कळलं नव्हतं गं ते.’ तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही मराठीत.

‘ठावं हाय मला,’ ती म्हणाली.

‘काय ठाऊक आहे?’

‘तुमास्नी कळलं न्हाई ते. तोंडाकडं बगितलं की तुमच्या. पर तुमास्नी कसं म्हनायचं, म्याडम? त्या बाईम्होरं? तुमची शोभा झाली असती.’

तिची एक मैत्रीण दोन वर्षांपासून त्याच भागात आहे, रोज फोनवर तिथल्या बायकांचं बोलणं ऐकवते. म्हणून तिच्या कानाला ती गल्लीतली जर्मन सरावाची झाली, आणि मी इकडं कॅसेटीतच राहिले. हे सगळं तिनं मला मान खाली घालून, जणू तिचाच गुन्हा असल्यासारखं सांगितलं. मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? ‘वाटती की. मंगळवारपास्नं झोप न्हाई. रोज म्हशीम्होरं गोळ्यांची नावं म्हनती.’ मग तू काय करणार होतीस? ‘गेल्यावर बगितलं असतं कायतरी.’ मला तिचा राग आला, मग माझा आला, मग दोन्ही एकदमच आले. वर्षभर मी या मुलीची मान बघून ठरवलं होतं की हिला काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं. माझं न कळणंही तिला कळलं होतं, आणि माझा मान राखायला ती परक्या देशातल्या वीस-तीस आजारी माणसांच्या गोळ्या एकटीनं उचलायला निघाली होती.

मेल आम्ही दोघींनी बसून लिहिला. वाक्यं तिची, पण पहिलं वाक्य माझं असणार असा हट्ट मी धरला: तुमचा प्रश्न मला, म्हणजे शिक्षिकेला, कळला नव्हता, तरी मी हो म्हटलं, ते उत्तर कृपया धरू नये. पुढं तिनं लिहिलं की असं काम मी एकटीनं केलेलं नाही, कुणी बरोबर असलं तर शिकेन. पाठवायचं बटण दाबायच्या आधी ते पहिलं वाक्य मी तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. दोन तासांत उत्तर आलं. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं, आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल, सोमवारी त्याच वेळी दोघी पडद्यावर या. बस, एवढंच. पुन्हा विचार कशाचा, कामाच्या वाटणीचा की हिला घेण्याचा? मी तो मेल किती वेळा वाचला सांगू. एकूण एक शब्द कळतो आणि काही कळत नाही. मी तिला फोन करून वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘न्हाई घेतलं तर म्हशी हायतच की.’ हसली सुद्धा. तिच्या मागं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

आज रविवार. सकाळपासून माझ्या मनात उद्याचा पडदा नाही, तुझ्याबरोबर गेले होते तो दवाखाना आहे. मी अकरा वर्षांची आहे. शाळेतून येते तशी तू मला हाताला धरून बाहेर काढतेस, घरात सांगतेस की भाजीला चाललोय. दवाखान्यात फिनेलचा वास आहे. डॉक्टर नवीन आहेत, पुण्याकडचे, शुद्ध आणि भरभर बोलणारे. तुला पडद्यामागं तपासतात, बाहेर येऊन हात धुतात, धुता धुताच बोलतात. ‘गाठ साधी वाटत नाही मला. मिरजेला मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवा. आठवड्याच्या आत. यजमानांना बरोबर न्या. अंगावर काढायचं हे दुखणं नाही. लक्षात आलं ना?’ तुझा चेहरा शांत होतो, ओठ हसतात, मान हलते, आणि तू म्हणतेस, हो. बाहेर पडल्यावर तू भाजी घेत नाहीस. मला महाद्वार रोडला नेतेस आणि जूनपासून मी मागत होते ती कंपासपेटी घेऊन देतेस, झाकणावर जहाजाचं चित्र असलेली. घरी बाबा विचारतात, इतका वेळ कुठं होतात? मग तुला सांगावंच लागतं, जरा डॉक्टरांकडं गेलो होतो. ‘काय म्हनले?’ ‘काय न्हाई. अशक्तपणा हाय. गोळ्या लिवून दिल्यात.’

मला वाटलं, आईला कळलंच नाही. नेहमीसारखा अंदाज बांधला तिनं, आणि चुकला. आता हे घर होतं, चारचौघं नव्हती. घरात सांग, शंभरदा सांग, हे तूच म्हणाली होतीस. मी कंपासपेटी उघडली, कर्कटक काढलं, परत ठेवलं आणि गप्प बसले. तुझा नियम पाळत नव्हते, आई, इतकी आज्ञाधारक मी कधीच नव्हते. डॉक्टरांनी ज्या आवाजात ते सांगितलं होतं त्या आवाजाला मी भ्यायले होते. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या मराठीत मी ते बोलले असते तर ते खरं झालं असतं. दीड वर्षानं तुला मिरजेला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर बाबांच्या अंगावर ओरडले, इतके दिवस काय करत होता. बाबांना काहीच माहीत नव्हतं. मी त्यांच्या मागं उभी होते.

एवढी सगळी वर्षं मी हेच धरून चालले की तुला कळलं नव्हतं. तुझी भाषा कच्ची, डॉक्टरांची भरभर, दोष भाषेचा. दुसऱ्यांच्या भाषा दुरुस्त करत मी आयुष्य काढलं त्यामागं हेही असेल. आणि काल ती मुलगी सहज म्हणून गेली, ठावं हाय मला. तेव्हापासून मला वाटू लागलंय की तुला सगळं कळलं असेल. बारा वर्षं कोल्हापुरात राहिलेल्या बाईला गाठ कळत नाही, मिरज कळत नाही, आठवडा कळत नाही? भाजीच्या पिशवीत कंपासपेटी घेऊन कोण घरी येतं? कदाचित तू घाबरली होतीस, घरात कुणापुढं ते म्हणायची तुझी छाती झाली नाही, आणि तुला वाटलं, पोरीला तरी कळलेलं नाही, तेवढंच बरं. तुला कळलं नसेल तर माझ्या गप्प बसण्यानं तू गेलीस. आणि कळलं असेल तर दीड वर्ष तू त्या स्वयंपाकघरात ते एकटीनं बाळगलंस, जेव्हा चार हातांवर पाटावर बसून मलाही ते ठाऊक होतं. यातलं कुठलंही खरं असलं तरी मला सुटका नाही, आणि पुन्हा सांग म्हणायला तू नाहीस.

उद्या साडेतीनला मी त्या बाईंसमोर बसेन. मुलगी सकाळच्याच गाडीनं येते म्हणालीये. मला नाही कळलं तर मी नाही कळलं म्हणेन, असं मी तिला कबूल केलंय, तिनंही मला कबूल केलंय, आणि दोघींचाही एकमेकींवर पुरता विश्वास नाही. हे पत्र क्लासच्या हजेरीपटात राहील, टाकणार तरी कुठल्या पेटीत. पण लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, आणि ती सोडून बाकी सगळं लिहून झालं. डॉक्टर हात पुसत होते तेव्हा, हो म्हणायच्या आधी, तू वळून माझ्याकडं पाहिलं होतंस. नुसती नजर टाकली नव्हतीस, थांबून पाहिलं होतंस. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचं दाखवलं. मी काही वाचत नव्हते, आई.